'ओरिजिनल' लिहिण्याआधी लेबल वाचायला शिका



जुन्या रेकॉर्ड घ्यायच्या आणि ऑनलाइन विकायच्या, या धंद्याला भांडवल किती लागेल, असं बरेच जण विचारतात. माझं मत स्पष्ट आहे. दहा हजार घाला नाहीतर पन्नास हजार, लेबल वाचता येत नसेल तर तो जुगार आहे. इथे माल एकसारखा दिसतो, भाव मात्र एक नसतो.

बीटल्सचा पहिला अल्बम घ्या, 'प्लीज प्लीज मी'. ब्रिटनमध्ये तो मार्च १९६३ मध्ये पार्लोफोन लेबलवर आला. मोनोचा नंबर पीएमसी १२०२, स्टिरिओचा पीसीएस ३०४२. सुरुवातीच्या प्रतींवर काळं लेबल, सोनेरी अक्षरं. लवकरच लेबल बदललं आणि काळ्यावर पिवळ्या रंगात पार्लोफोनचं नाव आलं. नंबर तोच, गाणी तीच. पण संग्राहक सोनेरी लेबलला कितीतरी जास्त पैसे मोजतात, आणि त्यातही स्टिरिओला.

बरं, सोनेरी लेबल मिळालं की काम झालं? नाही. काही गाण्यांखाली प्रकाशकाचं नाव बघा. 'डिक जेम्स' असेल तर प्रत आधीची, 'नॉर्दर्न साँग्स' असेल तर नंतरची.

आता लेबलच्या बाहेर या. गाणी संपल्यावर जो गुळगुळीत पट्टा उरतो, तिथे कारखान्याच्या खुणा असतात. ईएमआयच्या त्या काळातल्या ब्रिटिश रेकॉर्डवर घड्याळात सहा असतात तिथे मॅट्रिक्स नंबर, नऊच्या जागी 'मदर'चा नंबर आणि तीनच्या जागी स्टॅम्परचा, म्हणजे ज्या साच्याने रेकॉर्ड दाबली त्याचा. स्टॅम्परचा नंबर अक्षरांत असतो. जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी. जी म्हणजे १, आर म्हणजे २, असं करत डी म्हणजे ०. 'जीओ' दिसलं की १५. आपल्याकडे काही कापड दुकानदार खरेदीभाव अक्षरांत लिहून ठेवतात ना, तसंच हे.

पण एकाच खुणेवर विसंबू नका. लेबल बदललं तरी जुनाच मॅट्रिक्स चालू राहू शकतो. लेबलवरचं साल बहुतेक वेळा गाणी पहिल्यांदा आली ते असतं, तुमच्या हातातली प्रत दाबली ते नव्हे. लेबल, छापील मजकूर आणि कोरीव खुणा, तिन्ही जुळल्या तरच बोला.

आपल्या जुन्या बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच रेकॉर्ड कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातल्या असतात. तिथेही नियम हाच. ७ईपीई हा एचएमव्हीच्या ईपीचा कोड, एमओसीई ओडियनच्या एलपीचा. आधी ओडियनवर आलेले सिनेमांचे कितीतरी एलपी पुढे एचएमव्हीवर पुन्हा निघाले. कव्हर बघून दोन्ही 'ओरिजिनल' म्हणून विकले जातात, आणि माझा आक्षेप इथेच आहे.

कुणी म्हणेल, "गिऱ्हाइकाला कुठे एवढं कळतं?" अहो, शंभर रुपयांची रेकॉर्ड घेणाऱ्याला कळत नसेल. पाच हजार मोजणाऱ्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. समजा, आठशेला घेतलेली रेकॉर्ड 'फर्स्ट प्रेस' सांगून तीन हजारांना विकली आणि ती परत आली. पैसे परत, दोन्हीकडचं कुरिअर तुमच्या खिशातून, वर खराब रिव्ह्यू. आणि जाणकार गिऱ्हाइकं एकमेकांना ओळखतात, हे विसरू नका.

म्हणून जाहिरातीत दोन्ही बाजूंच्या लेबलचे आणि कोरीव खुणांचे स्वच्छ फोटो टाका. नंबर जसाच्या तसा उतरवा. डिस्कॉग्जवर जुळणारी नोंद शोधा आणि मागितलेले भाव बघू नका, प्रत्यक्षात विकले गेलेले बघा. जुळलं नाही तर 'ओरिजिनल' हा शब्द वापरू नका. भाव थोडा कमी येईल, पण तेच गिऱ्हाईक पुन्हा येईल.

या आठवड्यात एकही रेकॉर्ड विकत घेऊ नका. घरातल्या किंवा शेजाऱ्यांकडच्या दहा रेकॉर्ड बॅटरीच्या उजेडात तिरप्या धरा आणि दिसेल ते वहीत उतरवा. दहा पानं भरली की मग पाकिटाला हात घाला.