अकोल्यात पारा ४७ वर जातो, मग बाजारात सावली का नाही?

मे महिन्यात दुपारी दोनला अकोल्याच्या गांधी रोडवर किंवा अमरावतीच्या जयस्तंभ चौकात गाडी उन्हात लावून बघा. परत आल्यावर सीटवर बसवत नाही. मे २०२० मध्ये अकोल्यात ४७.४ अंश तापमान नोंदलं गेलं. मे २०२४ मध्ये तर उष्णतेमुळे जिल्ह्यात कलम १४४ लागू झालं. कोचिंग क्लासच्या वेळा बदला, कामगारांना पाणी द्या, असं त्या आदेशात होतं. पण दिवसभर बाजारातच उभा असलेला हातगाडीवाला कुठे जाणार?

आपल्याकडे बाजारपेठेचं 'सुशोभीकरण' म्हणजे पेव्हर ब्लॉक, हिरवळ, शोभेचे पाम आणि जमलं तर कारंजं. ब्लॉक दिवसभर तापतात आणि ती उष्णता रात्री बाहेर टाकतात. पामची सावली एका माणसालाही पुरत नाही. हिरवळीला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं आणि काटेपूर्णा धरणावर अवलंबून असलेल्या अकोल्यात नळच रोज येत नाही. बोअर मारू म्हणाल, तर पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात पाणी खारं. तेच झाडांना घालत राहिलं की मातीत मीठ साचतं.

पुण्या-मुंबईचं डिझाइन इथे जसंच्या तसं का चालत नाही?

कारण खाली काळी माती आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि वरचे ब्लॉक वरखाली होतात. शिवाय एकदा भिजली की ती पाणी फार हळू मुरवते. त्यामुळे नुसते 'पाणी मुरणारे' ब्लॉक पुरत नाहीत. फुटपाथच्या कडेला खडी भरलेला चर हवा, त्यातून झाडांना पाणी मिळावं आणि जास्तीचं नाल्यात जावं.

झाडं कोणती? कडुनिंब आणि करंज. दोन्हींना मार्च-एप्रिलमध्ये नवी पालवी येते, म्हणजे सावली नेमकी मे महिन्यात. बहावा रीलसाठी भारी, पण फुलतो तेव्हा पानं कमी असतात. झटपट वाढणाऱ्या कोनोकार्पसपासून लांबच राहा, गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

आणि असलेल्या झाडांचे गळे मोकळे करा. बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीत सांगितलं होतं. आपल्याकडे मात्र ब्लॉक थेट खोडाला भिडवले जातात.

व्यापाऱ्यांचा आक्षेप असतो: दुकानाची पाटी झाकली जाते, पार्किंग जातं. पाटीचं बरोबर आहे, पण फांद्या वर चढवून छाटता येतात. पार्किंगचं म्हणाल, तर सावलीतली जागा सगळ्यात आधी भरते, हे तेही रोज बघतात.

खरी अडचण लावण्यात नाही, जगवण्यात आहे. पहिली दोन-तीन वर्षं पाणी कोण घालणार? तुमच्या महापालिकेचं पुढचं सुशोभीकरणाचं टेंडर निघालं की थ्रीडी चित्र नंतर बघा, आधी त्यात तीन वर्षांच्या देखभालीचे पैसे धरलेत का ते शोधा.