मेल गेला कुठे?

डहाणूची माझी मैत्रीण चिकूचे चिप्स ऑनलाइन विकते. ऐन दिवाळीत तिने मेल कंपनी बदलली आणि तलासरीपासून दादरपर्यंतच्या गिऱ्हाइकांची बिलं थेट स्पॅममध्ये! पैसे अडकले ना बॉस.

एसपीएफ म्हणजे आपल्या नावाने मेल कोण पाठवू शकतं, त्याची डीएनएसमधली यादी. तिच्या यादीत जुनीच कंपनी. घाईत तिने दुसरं एसपीएफ जोडलं, घोळ वाढला. एका डोमेनला एकच चालतं. दोन दिसली की तपासणी फेल. मी दोन्ही नावं एकाच ओळीत घालायला लावली, कारण बिलिंग सॉफ्टवेअर अजून जुन्याच वाटेने मेल पाठवत होतं. डीकेआयएमची सही मात्र नव्या कंपनीची नवी. डीमार्क आधी ‘पी=नन’वर ठेवा, रिपोर्ट वाचा, मग कडक व्हा.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर मेल पाठवणाऱ्या सगळ्यांनाच एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतंच. आणि जुनं खातं लगेच बंद करू नका. डीएनएसचा बदल सगळीकडे पोचायला कधीकधी दोन दिवसही लागतात.