पंधरा ते पन्नास वर्षांमधली जीप

जुन्या महिंद्र जीपमध्ये चालकाच्या हाताशी तीन दांडे असत. लांब दांडा नेहमीच्या गिअरचा. शेजारच्या दोन आखूड दांड्यांपैकी एक पुढच्या चाकांना ताकद जोडून द्यायचा, दुसरा गाडीला ‘लो’मध्ये टाकायचा. मग चिखल असो की घाटातली निसरडी चढण, जीप बैलासारखी मान खाली घालून ओढत राही.

या गाडीचे महाराष्ट्राशी नाते जन्मापासूनचे आहे. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला अमेरिकी विलिस जीपचे सुटे भाग जोडण्यापासून महिंद्रचा वाहनउद्योग सुरू झाला. ८० इंच व्हीलबेसची, उंच बॉनेटची सीजे ३बी त्यानंतर कित्येक वर्षे बनत राहिली. १९८० च्या दशकात प्यूजोच्या परवान्यावरचे डिझेल इंजिन घेऊन एमएम ५४० आली. साखर कारखान्याचा शेतकी विभाग, वनखाते, निवडणुकीचा प्रचार, पश्चिम महाराष्ट्रातले वडाप, मराठवाड्यातली काळी-पिवळी: गावाकडचा कच्चा रस्ता जिथे होता, तिथे जीप होती.

त्यातल्या बऱ्याच भंगारात गेल्या. ज्या उरल्या, त्यांतल्या काहींना आता घराच्या अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये नवे आयुष्य मिळते आहे. शनिवार-रविवारी पाने-पक्कड घेऊन गाडीखाली सरपटणाऱ्या या मंडळींत शेतकरी आहेत, बँकेतले कर्मचारी आहेत, निवृत्त फौजी आहेत. जीपची रचनाच त्यांना साथ देते. खाली शिडीसारखी चासी, वर बोल्टांनी बसवलेली बॉडी. बोल्ट सुटले की चार जण मिळून रिकामी बॉडी उचलून बाजूला ठेवतात आणि गाडीचा सांगाडा उघडा पडतो. कोकणातली गाडी असेल तर खाऱ्या हवेने चासीचा चॅनेल आतून खाल्लेला असतो. हातोडीचा टोला मारला की आवाजावरून कळते. मग गंजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, पाट्यांचे बुश बदलायचे, किंगपिनच्या बेअरिंगमधला खेळ काढायचा. न मिळणारा भाग पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्यात शोधायचा, नाहीतर लेथवाल्याकडून करून घ्यायचा. हे सारे ज्ञान वयस्क मिस्त्रींच्या हातात आहे. त्यांच्या शेजारी बसून ते पुढच्या पिढीकडे येते, ते अशाच कामातून.

या कामात सर्वात महत्त्वाचा प्रश्न ब्रेकचा. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि त्यांच्यासाठी तेलाची एकच वाहिनी. ती कुठेही फुटली तर चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. म्हणून समजदार मालक दोन स्वतंत्र वाहिन्यांचा मास्टर सिलिंडर आणि बूस्टर बसवतो, शक्य असेल तर पुढे डिस्क ब्रेक घेतो, तीन टोकांचे सीटबेल्ट लावतो. गाडी मूळ होती त्याहून सुरक्षित होते. पण हे काम नीट झाले आहे, असे कुणा जाणकाराकडून तपासून कागदावर नोंदवून घेण्याची सोपी वाट त्याच्यासमोर नाही.

कायदा आहे, आणि तो कडक आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपत्रातल्या तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही. कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारे बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरवली.

या कडकपणामागे कारण आहे, हे जीपप्रेमींनी मान्य केले पाहिजे. मूळ ६.००-१६ मापाच्या जागी ३१ इंची टायर चढवला की स्पीडोमीटर ६० दाखवताना गाडी प्रत्यक्षात ६५ च्या आसपास धावते. जड चाक थांबवताना तेच जुने ब्रेक अपुरे पडतात, किंगपिनवर ताण येतो. बॉडीऐवजी पाटेच उंच केले तर प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, क्रॉस लवकर जातात आणि वळणावर गाडी कलंडण्याची भीती वाढते. पुढचे लोखंडी बुलबार पायी चालणाऱ्याच्या जिवावर उठतात. अशा गाडीवर कारवाई झालीच पाहिजे.

पण घरगुती जीर्णोद्धार आणि हा दिखाऊपणा यांत फरक करणारी नजर व्यवस्थेत हवी. आज खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही. २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी व्हीए मालिका आणली, पण तिच्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी हवी आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार नको. इथेच अडते. पेट्रोल परवडेना म्हणून कित्येक जीपना त्या काळीच डिझेल इंजिने बसली. तो फेरफार हाच त्या गाड्यांचा इतिहास आहे. आणि १९८५ ची एमएम ५४० तर पन्नाशीपासून अजून दूर आहे.

जर्मनीने १९९७ मध्ये ३० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘एच’ पाटी सुरू केली. तज्ज्ञ गाडी तपासतो, तिची अवस्था पाहतो, त्या काळाशी सुसंगत बदल मान्य करतो. ऑस्ट्रेलियात हलक्या वाहनांच्या फेरबदलांची राष्ट्रीय संहिताच आहे: कोणता बदल मालक स्वतः करू शकतो आणि कशाला अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते, ते तिच्यात लिहिलेले आहे.

असे काही इथे उभारायला महाराष्ट्राइतकी योग्य जागा नाही. वाहनांची चाचणी घेणाऱ्या एआरएआय आणि सीआयआरटी या दोन्ही संस्था पुण्यातच आहेत. त्यांनी ब्रेक, सीटबेल्ट, दिवे, टायरचे माप आणि चासीचे वेल्डिंग यांची मर्यादा सांगणारी मराठीतली छोटी संहिता करावी. ३० वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग राज्याने केंद्राकडे मागावा. तपासणी शुल्क मालकाने भरावे, धुराची चाचणी कठोर असावी, वर्षाला किती किलोमीटर चालवायची यावर बंधन घातले तरी चालेल.

अंगणातल्या जीपवाल्यांची याला हरकत असणार नाही. शिस्त त्यांच्या कामात आधीपासून आहे. चासीवरचा गंज खरवडताना नंबर कोरलेल्या जागेला ते ग्राइंडर लावत नाहीत. तेवढा पत्रा हलक्या हाताने पुसून, त्यावर कागद धरून पेन्सिलीने ठसा घेतात आणि तो नोंदणीपत्रासोबत जपून ठेवतात, तपासणीला येणाऱ्याला दाखवता यावा म्हणून.