भुताला भुताची बाधा होत नाही

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत आणि एका हंगामात दोन पिशाचपट चालत नाहीत, असं चित्रपटाच्या धंद्यात ठामपणे बोललं जातं. पूर्वपक्ष असा: प्रेक्षकाची भीती ही मोजकी पुंजी आहे, आधी आलेला ती लुटून नेतो आणि मागून येणाऱ्याच्या वाट्याला जांभया येतात. २०२५च्या दिवाळीत, २१ ऑक्टोबरला, 'थामा' लागला तेव्हा हाच सूर पुन्हा ऐकू आला. 'स्त्री २'ने अपेक्षा एवढ्या वाढवून ठेवल्या की रक्तपिपासू बेताळाचा त्यापुढे निभाव लागणं कठीणच होतं, असं म्हटलं गेलं. हे निदान मुळात चुकीचं आहे, आणि ते मान्य केलं तर उद्याच्या मराठी भयपटांचं नुकसान होईल.

पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा १९७९चा. त्या वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत 'लव्ह ॲट फर्स्ट बाइट' हे ड्रॅक्युलाचं विडंबन आलं आणि धो धो चाललं. जुलैमध्ये जॉन बॅडहॅमचा गंभीर 'ड्रॅक्युला' आला. नायक फ्रँक लँगेला. हीच भूमिका त्याने ब्रॉडवेच्या रंगभूमीवर गाजवलेली. तरीही चित्रपटाने अपेक्षेइतकी मजल मारली नाही. ज्या काउंटला लोक नुकतेच पोट धरून हसले, त्याला ते घाबरणार कसे, असा हा युक्तिवाद.

पण त्याच वर्षी वेर्नर हेर्झोगचा 'नोस्फेरातू'ही आला. मुर्नाऊच्या १९२२च्या मूकपटाची ती नवी आवृत्ती. क्लाउस किन्स्कीचा पिशाच्च मरण येत नाही म्हणून थकलेला आहे. तो शहरात उंदीर आणि प्लेग घेऊन येतो. गर्दी तीच, वर्षही तेच, पण या चित्रपटाची प्रतिष्ठा आजतागायत टिकून आहे. कारण उघड आहे. विडंबनाने टर उडवली होती ती झगा घातलेल्या प्रणयी काउंटची. बॅडहॅमचा ड्रॅक्युला त्याच वाटेवर उभा होता, म्हणून त्याला धक्का लागला. हेर्झोगचा त्या वाटेवर नव्हताच. म्हणजे स्पर्धेचा घाव पडतो तो दोन चित्रपटांची जमीन जिथे एक होते तिथेच. सबंध प्रकारावर तो पडत नाही.

प्रेक्षक कंटाळतो, हा दुसरा आक्षेप. त्याला २०२४नेच उत्तर दिलं आहे. मार्चमध्ये 'शैतान', जूनमध्ये 'मुंज्या', ऑगस्टमध्ये 'स्त्री २', नोव्हेंबरमध्ये 'भूल भुलैया ३': आठ महिन्यांत चार भयपट आले आणि चारही शंभर कोटींच्या पुढे गेले. त्यातल्या 'मुंज्या'त तर कुणी मोठा तारा नव्हता. मुंजीनंतर मेलेल्या मुलाचं कोकणातलं भूत आणि पिंपळाखालची भीती एवढ्या बळावर तो उभा राहिला. दोन महिन्यांनी आलेल्या 'स्त्री २'ने त्याचं काही हिरावून घेतलं नाही आणि त्यानेही 'स्त्री २'चं काही बिघडवलं नाही.

मग 'थामा'बद्दल कुरबुर का झाली? मुलुंडला लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या मल्टिप्लेक्समध्ये मी तो पाहिला. 'स्त्री'च्याच चित्रमालिकेतल्या भेडियाची एन्ट्री झाली तशा शिट्ट्या पडल्या, मोबाइल वर गेले. बाहेर पडताना सरकत्या जिन्यावर पुढची पोरं म्हणत होती, ''स्त्री'वाली मजा नाय आली यार.' ही तुलना प्रेक्षकाने आपण होऊन केली नव्हती. पडद्याने ती त्याच्या हातात दिली होती. फाळणीचा हिंसाचार पाहून माणसाचं रक्त वर्ज्य केलेले बेताळ ही या चित्रपटाची अस्सल, कुणाचीही उसनी नसलेली कल्पना. चित्रपट तिथे ठाण मांडून बसायला हवा होता. तो मालिकेतल्या भावंडांच्या ओळखीपाळखीत रमला. तेव्हा दोष 'स्त्री २'च्या यशाला देऊ नये. शंभर कोटी 'थामा'नेही ओलांडले. उणी पडली ती स्वतःच्या कल्पनेवरची निष्ठा.

आता मंडन. शेजारी दुसरा पिशाचपट असणं उपकारकच ठरतं. १९३० साली युनिव्हर्सल स्टुडिओत दिवसा टॉड ब्राउनिंग इंग्रजी 'ड्रॅक्युला' चित्रित करत होता आणि रात्री त्याच सेटवर दुसरी तुकडी स्पॅनिश आवृत्ती. रात्रीची मंडळी दिवसाचं चित्रण पाहत आणि त्याहून सरस करण्याच्या जिद्दीने कॅमेरा लावत. बेला लुगोसीची सर त्यांच्या नायकाला आली नाही, पण कॅमेऱ्याच्या हालचालीत स्पॅनिश आवृत्ती उजवी आहे, असं अनेक जाणकार आज मानतात. समोर तोलामोलाचं काम होतं म्हणून हे घडलं.

'मुंज्या' आणि 'थामा' दोन्ही करणारे आदित्य सरपोतदार मराठीतून आलेले. मुलुंडहून काही स्टेशनं पुढच्या डोंबिवलीत झोंबी आणून त्यांनी २०२२मध्ये 'झोंबिवली' केला. झोंबी परके, पण टॉवर आणि झोपडपट्टीतली दरी आपली. नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून 'लुचाई' लिहिली, तीही मराठी वाचकाने आपली मानली. आणि वेंगुर्ल्याजवळ आरवलीला तर वेतोबाला केळ्यांचे घड आणि चामड्याचे भलेमोठे जोडे वाहतात. तिथे वेताळ गावाचा राखणदार आहे. गाव राखणाऱ्या वेताळावर कुणी चित्रपट केला, तर ड्रॅक्युला त्याच्या आड येणार नाही आणि 'स्त्री'ही येणार नाही.

म्हणून वितरकांनी 'एक भुताचा चालू आहे' एवढ्या कारणावरून दुसऱ्याचे खेळ कापू नयेत. समीक्षकांनी भुताला भूत लावून गुण देण्याऐवजी या चित्रपटाने स्वतःचं काय आणलं, हे विचारावं. आणि दिग्दर्शकांनी प्रदर्शनाची मोकळी तारीख शोधण्यापेक्षा मोकळी जमीन शोधावी. ती आपल्याकडे मुबलक आहे.