निष्ठा कोणाशी?

निष्ठा हा आपल्या भाषेतील मोठ्या मानाचा शब्द आहे. ध्येयनिष्ठा, गुरुनिष्ठा, कर्तव्यनिष्ठा असा तो बहुधा उदात्त संगतीतच आढळतो. अलीकडे मात्र व्यापाऱ्यांनी त्याला बाजारात आणून बसविले आहे. एखाद्या कंपनीचा माल वर्षानुवर्षे घेणारा मनुष्य तिचा ‘निष्ठावान ग्राहक’ म्हणवला जातो. मधल्या सुट्टीत आमचे विद्यार्थीही घरच्या मोबाइलच्या कंपनीचा पक्ष अशा हिरिरीने मांडतात, की जणू ती कंपनी म्हणजे त्यांचे कुळच! गंमत म्हणून हे ठीक आहे. परंतु जेथे वडिलांच्या कष्टाचा पैसा खर्ची पडतो, तेथे थोडा विचार करावयास हवा. ज्या कारखानदारावर आपण विश्वास टाकला, त्यालाच पुढची वाट दिसेनाशी झाली, तर ग्राहकाने काय करावे? निष्ठेला जागावे की पाठ फिरवावी?

या प्रश्नाच्या विचारास नोकिया कंपनीच्या इतिहासासारखे बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. फिनलंड या उत्तरेकडील लहानशा देशात १८६५ साली लाकडाच्या लगद्याच्या एका गिरणीपासून तिचा उगम झाला. पुढे अनेक वळणे घेत ती दूरध्वनीच्या धंद्यात शिरली आणि १९९८ पासून सुमारे चौदा वर्षे मोबाइल बनविणाऱ्यांत जगात अग्रस्थानी राहिली. तिने २००३ साली काढलेला ११०० हा मोबाइल तुमच्या आईवडिलांना चांगला आठवत असेल. त्याच्या कळांत धूळ शिरू नये अशी योजना होती, माथ्यावर छोटीशी विजेरी होती, आणि किंमत बेताची होती. जगभर त्याचे पंचवीस कोटींहून अधिक नग खपले. लोकांची ही निष्ठा केवळ जाहिरातीने मिळविलेली नव्हती; वस्तूने ती आपल्या गुणांनी कमावली होती.

परंतु २००७ साली ॲपलचा आयफोन आला आणि पुढच्याच वर्षी अँड्रॉइड प्रणालीचा पहिला मोबाइल बाजारात आला. बोलण्याचे यंत्र हा आता खिशातील संगणक झाला, आणि नोकियाची सिंबियन ही प्रणाली या नव्या कामास अपुरी पडू लागली. सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीची सूत्रे स्टीफन एलॉप यांच्या हाती आली. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी नोकरवर्गास लिहिलेले एक पत्र बाहेर फुटले. समुद्रातील पेटलेल्या तेलमंचावर उभ्या असलेल्या माणसासारखी आपली अवस्था झाली आहे, अशी उपमा त्यात होती. त्याच महिन्याच्या ११ तारखेस कंपनीने जाहीर केले, की यापुढे मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन ही प्रणाली हाच आपला मुख्य मार्ग. सिंबियनचे दिवस भरले हे यावरून उघड झाले. तरीही त्या प्रणालीचे आणखी सुमारे पंधरा कोटी मोबाइल विकण्याची अपेक्षा त्याच वेळी बोलून दाखविण्यात आली! ज्या होडीतून नावाडी स्वतः उतरणार, तिच्यात उतारूंना मात्र बसवून घ्यावे, तसा हा प्रकार झाला.

नव्या मार्गावर विश्वास टाकणाऱ्यांचे तरी भले झाले काय? एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकेत लुमिया ९०० हा विंडोज प्रणालीचा मोबाइल मोठ्या गाजावाजाने विक्रीस आला. जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितले, की प्रणालीची पुढची आठवी आवृत्ती आजवर विकलेल्या कोणत्याही मोबाइलवर चालणार नाही. जे सर्वांआधी बरोबर आले, तेच सर्वांआधी मागे राहिले. अखेर सप्टेंबर २०१३ मध्ये नोकियाने मोबाइलचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकण्याचे ठरविले आणि एप्रिल २०१४ मध्ये तो व्यवहार पुरा झाला.

यावर कोणी म्हणेल, की पडत्या काळात साथ सोडणे ही कृतघ्नता होय. १९९७ साली ॲपल कंपनी डबघाईस आली असता तिच्या चाहत्यांनी तिला टाकले नाही, हा दाखलाही देता येईल. दाखला खरा आहे. पण तो अर्धा सांगून भागणार नाही. त्या वर्षी परत आलेल्या स्टीव्ह जॉब्स यांनी मालाची गर्दी छाटून ती चार प्रकारांवर आणली : सामान्य माणसासाठी दोन आणि व्यावसायिकासाठी दोन, त्यांपैकी एक टेबलावर ठेवण्याचा, दुसरा बरोबर नेण्याचा. कंपनी कोठे चालली आहे, हे पोरासोरांनाही कळावे इतके स्पष्ट झाले. ग्राहक थांबले, कारण त्यांना थांबण्यास कारण देण्यात आले. अंधारात उभे राहा आणि आमच्यावर भरवसा ठेवा, असे सांगणाऱ्यास निष्ठा मागण्याचा अधिकार पोहोचत नाही.

आमच्या गोव्यात पहाटे दारात पाव घेऊन येणारा पोदेर घराघराचा ठरलेला असतो. वर्षानुवर्षे आपण त्याला बदलत नाही. ही निष्ठा त्याच्या सायकलीशी किंवा भोंग्याशी नसते. उद्या सकाळी पाव मिळेल, या भरवशाशी असते. भट्टी बंद राहावयाची असेल, तर भला पोदेर आदल्या दिवशी तसे सांगून जातो. कारखानदाराकडून याहून अधिक काय मागावयाचे आहे?

किंबहुना आजच्या वस्तूंच्या बाबतीत हे मागणे अधिकच रास्त आहे. पूर्वी घड्याळ किंवा शिवणयंत्र घेतले, की कारखानदाराशी असलेला संबंध बहुतांशी दुकानातच संपे. पुढे यंत्र बिघडले, तर गावचा कारागीर ते दुरुस्त करी. आजच्या मोबाइलचे तसे नाही. प्रणालीतील सुधारणा आणि सुरक्षेची तरतूद यांचा पुरवठा कारखानदाराकडून चालू राहिला तरच तो मोबाइल उपयोगी राहतो. म्हणजे आपण वस्तू विकत घेतो असे वाटते. खरे पाहता तिच्याबरोबर एक वचनही विकत घेतो. वचन देणाऱ्याचेच मन दोलायमान झाले, तर धडधाकट वस्तूही हातात म्हातारी होते.

आणि नावाचे काय? २०१६ च्या अखेरीस एचएमडी ग्लोबल या वेगळ्या कंपनीने नोकियाचे नाव परवान्याने घेतले आणि २०१७ साली जुन्या ३३१० या मोबाइलची नवी आवृत्ती काढली. नाव तेच, धनी निराळा. केवळ नावाशी निष्ठा ठेवणाऱ्याने आपली निष्ठा आता कोणाच्या चरणी वाहावी?

विद्यार्थिमित्रहो, तात्पर्य एवढेच, की निष्ठा हे फार मोलाचे धन आहे. ते बाजारात उधळण्याचे नव्हे. हातातील वस्तूशी निष्ठा जरूर ठेवा : तिची निगा राखा, ती चालते तोवर वापरा, नवी निघाली म्हणून जुनी टाकू नका. दुरुस्ती करून देणाऱ्या कारागिराशी निष्ठा ठेवा. पण नवी वस्तू घरात आणावयाची असेल, तेव्हा दुकानदारास नि:संकोच विचारा, की सुधारणा किती वर्षे मिळणार, सुटे भाग आपल्या गावात मिळतील काय, आणि कंपनीने हात वर केले तर माझी छायाचित्रे व लेखन मला बाहेर काढता येईल काय. ज्याच्यापाशी या प्रश्नांना सरळ उत्तर आहे, त्याच्याकडे पुन्हा जावे. ज्याच्यापाशी नाही, त्याचे नाव कितीही मोठे असो, त्याला नमस्कार करून पुढच्या दुकानाची पायरी चढण्यात कसलीही कृतघ्नता नाही.