आधी वाचनाची गोडी, मग चरित्रे



मुलांना विनोदी पुस्तकांऐवजी थोरांची चरित्रेच द्यावीत, हे आपल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. चरित्रे हवीतच, पण जाड पुस्तक एकट्याने वाचण्याचा दम आधी यायला हवा, आणि तो पुढे कोणती करामत होणार या ओढीनेच येतो. दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’, ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ ती ओढ लावतात. हे सारे पुण्यामुंबईचे, निलंग्याच्या मुलांना परके, असा आक्षेप येईल. पण भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मूळचा फुरसुंगीचा, पुण्यात शिकायला आलेला. शिक्षणासाठी लातूर गाठणाऱ्या आपल्या पोरांना तो परका कसा वाटेल? मराठवाडी बोलीत अशी पुस्तके कमी आहेत, हे मात्र खरे. आपल्या लेखकांनी ती लिहावीत. तोवर शाळांनी असलेली तरी कपाटाबाहेर काढावीत.

— एक वाचक, निलंगा