तोंड दाखवायला परत यायचं असतं

मंडळी, परवा भाच्याने मोबाइलवर प्रतापराव गुजरांची गोष्ट पाठवली. खाली तलवारींची चित्रं आणि 'चूक अशी धुवायची असते' असं एक वाक्य. ते मला पटत नाही. मास्तर होतो तेव्हा पटायचं, म्हणून आज जास्तच खुपतं.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. 1673 साली उमराणीला प्रतापरावांनी बहलोलखानाचं पाणी तोडलं, तो काकुळतीला आला आणि रावांनी त्याला जाऊ दिलं. खान पुन्हा उलटला. महाराज संतापले. त्याला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका, असा निरोप गेला. 24 फेब्रुवारी 1674 रोजी नेसरीच्या खिंडीत सरनोबत मोजक्या स्वारांनिशी खानावर तुटून पडले आणि मारले गेले. कुसुमाग्रजांनी त्यावर कविता लिहिली, मंगेशकरांनी तिचं गाणं केलं. ते लागलं की माझ्याही अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू?

पण त्या दिवशी खान मेला का? नाही. फौजेचा सेनापती मात्र गेला. आणि सोबतच्या सहा जणांनी कुठे खानाला सोडलं होतं? तीस वर्षं वर्गात शिकवलं, पण हा प्रश्न ना मुलांनी विचारला, ना मला सुचला.

निवृत्तीनंतर युरोपातल्या मध्ययुगीन वीरकथा वाचल्या. बाराव्या शतकातल्या फ्रेंच कवी क्रेतियें द त्र्वाचा ईव्हेन वर्षभरात परततो असा बायकोला शब्द देतो आणि शौर्याच्या स्पर्धांच्या नादात मुदत विसरतो. लक्षात येतं तेव्हा वेडा होऊन रानात भटकतो. पण मरत नाही! शुद्धीवर आल्यावर लोकांच्या मदतीला धावत, दिलेल्या वेळा पाळत पुन्हा माणसांत येतो. चौदाव्या शतकातल्या इंग्रजी काव्यातला गवेन जिवाच्या भीतीने एक पट्टा लपवून ठेवतो आणि पकडला जातो. मग तोच पट्टा लाजेची खूण म्हणून अंगावर बांधून आर्थर राजाच्या दरबारात येतो. लोक हसतात, तरी येतो. मला विचाराल तर हे खिंडीत घुसण्याहून अवघड.

म्हणजे गोरे तेवढे शहाणे, असं मुळीच नाही. जगून केलेला पश्चात्ताप आपल्याच गोष्टीत आहे, आपण फक्त तिथवर वाचत नाही. प्रतापराव पडल्याचं ऐकून महाराज फार कष्टी झाले, असं सभासद लिहितो. पुढे 1680 मध्ये त्यांनी राजारामांचं लग्न प्रतापरावांच्या मुलीशी, जानकीबाईंशी लावलं. जिंजीत सभासदाकडून बखर लिहवून घेतली ती याच राजारामांनी, म्हणजे प्रतापरावांच्या जावयाने! ते लग्न महाराजांचं प्रायश्चित्त होतं असं माझं मत आहे. कागदावर तसं कुणी लिहिलेलं नाही, वाद घालायचा असेल तर जरूर घाला.

आता मला का खुपतं ते सांगतो. बरीच वर्षं झाली. पाड्यावरच्या एका मुलाकडून वर्गाच्या सहलीचे पैसे जत्रेत हरवले. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "पैसे आणल्याशिवाय तोंड दाखवू नकोस." त्याच आठवड्यात ही कविता शिकवली होती, शब्द तोंडात तयार होते. मुलगा दुसऱ्या दिवसापासून आला नाही. सुरतेला कामाला गेला असं कळलं. पाडा शाळेपासून दोन कोसांवर, पण मी गेलो नाही. मास्तरांनी कसं जायचं?

बारा-तेरा वर्षांनी खांडबारा स्टेशनवर एका बाप्याने वाकून नमस्कार केला. तोच होता. म्हणाला, "सर, पहिल्या पगाराचे पैसे घेऊन दोनदा फाटकापर्यंत आलो होतो. आत येववलं नाही."

मी म्हटलं, "चुकलं माझं, बाबा." तो नुसताच हसला. मग त्याला घरी चहाला घेऊन गेलो. त्याची गाडी चुकली.